नदी आहे, काठ कुठे आहे?

खानदेशातला माणूस पोटापाण्यासाठी सुरतेला येतो तो बहुधा जळगाव-उधना गाडीने. उधना, पांडेसरा, भेस्तान ह्या भागांत त्याची वस्ती आहे. भेस्तानला बसून मराठी वाचताना मला एक गोष्ट वारंवार खटकते. आपल्या साहित्यात नदी आहे, पूर आहे. नदीकाठचे रान मात्र जवळजवळ नाही.

रानावर आपल्याकडे लिहिले गेले नाही असे नव्हे. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीतून नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट मराठीत आणले. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त झाडे महिन्यामहिन्याने भेटतात. पण ह्या लेखनाचा ठसा आपल्यावर असा उमटला, की रान म्हणजे दूर डोंगरातले, चौकीपलीकडचे. तापीखोऱ्याच्या बहिणाबाईंनी मोट, जाते, सुगरणीचा खोपा ह्यांना काव्य दिले. त्यांच्या मागून आलेल्या आपल्या कवितेत मात्र पूर आला की नदी ‘कोपते’ आणि विषय तिथेच संपतो.

हा कोप तपासायला हवा. नदी पात्राबाहेर पसरते ती जमीन नदीचीच असते. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, वाळुंज आणि पात्रातल्या खडकांतली शेरणी ही तिथली मूळ रहिवासी. पूर त्यांच्यासाठी गाळ आणतो, करंजाच्या शेंगा तरंगवत खाली नेतो. उलट त्यांची मुळे काठ धरतात, खोडे पाण्याचा वेग मोडतात. १९७२ साली उकाई धरण झाले. मोठे पूर क्वचित येऊ लागले आणि शहर निर्धास्तपणे काठावर चढले. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून पाणी सोडावे लागले तेव्हा बहुतेक सुरत बुडाली. ह्यात कोप कुणाचा? इथल्या खाड्या तर आजही पावसाळ्यात वस्तीत शिरतात. ‘खाडीपूर’ हा शब्द इथल्या मराठी मुलांनाही पाठ आहे. ‘वाळुंज’ मात्र त्यांनी ऐकलेला नसतो. खाडीकाठी उरते ती वेडी बाभूळ, इथल्या भाषेत ‘गांडो बावळ’. तीही परदेशातून आलेली.

साहित्य म्हणजे वनखात्याचे परिपत्रक नव्हे, असा आक्षेप येईल. तो मला मान्य आहे. परंतु राखणे म्हणजे नुसते कुंपण घालणे नव्हे. कोणते झाड तोडायचे, कोणता तुकडा किती वर्षे मोकळा ठेवायचा, बीज म्हणून कोणती खोडे राखायची, करंजी कुणी वेचायची, हे काठावरच्या माणसांनी मिळून ठरवायचे असते. त्यात हक्क आहे, भांडण आहे, लोभ आहे, पुढच्या पिढीचा विचार आहे. कथेला आणखी काय लागते? आपला लेखक मात्र झाडाकडे एक तर सौंदर्य म्हणून पाहतो, नाही तर सरपण म्हणून. मधला हा व्यवहार त्याला दिसत नाही, आणि समीक्षकही त्याला विचारत नाहीत.

सीमाभागातल्या अंकांकडून म्हणूनच माझी अपेक्षा अधिक आहे. उकाईच्या फुगवट्याचे पाणी नवापूरच्या बाजूला येऊन टेकते. त्याखाली काय गेले हे सांगणारी माणसे आपल्यातच आहेत. ती आहेत तोवर त्यांच्याकडून काठावरच्या झाडांची नावे उतरवून घ्यावीत. पुराची पुढची कविता छापण्यापूर्वी संपादकांनी कवीला एवढेच विचारावे : त्या काठावर कोणते झाड होते?