कुरणावरील सूक्ष्मजंतूंचा फवारा : श्रेय कोणाचे?

उपयुक्त सूक्ष्मजंतूंचे मिश्रण फवारल्याने कुरणाच्या मातीचा कस सुधारतो, असे ओकिनावातील तेरुओ हिगा यांच्या पद्धतीचे पुरस्कर्ते प्रतिपादितात. झुरिक येथे २००३ ते २००६ या काळात झालेल्या प्रयोगात जिवंत मिश्रणाच्या जोडीस तेच मिश्रण निर्जंतुक करूनही योजिले होते. आढळलेला फरक सूक्ष्मजंतूंचा नसून त्यांच्यासमवेत घातलेल्या सेंद्रिय द्रव्यातील पोषणाचा ठरला. हा प्रयोग कुरणावर नव्हे, बटाटा, लसूणघास व धान्ये यांच्या फेरपालटावर झाला. तथापि त्याची कसोटी कुरणासही लागू पडते. क्लोव्हरच्या मुळांवर गाठी धरविणाऱ्या ऱ्हायझोबियमचे कार्य निश्चित, म्हणूनच तपासण्याजोगे असते. मोघम मिश्रणाचे तसे नाही. सबब निर्जंतुक मिश्रणाशी तुलना केल्यावाचून मांडलेले अनुमान ग्राह्य मानता येत नाही.