अर्धापूरहून आर्किटेक्चर शिकायला कुठे जावं?

नांदेड-लातूरच्या पट्ट्यात दहावीला नव्वदच्या वर टक्के पडले की घरात पुढची चर्चा फार वेळ चालत नाही. लातूर पॅटर्न किंवा नांदेडचे क्लासेस, नीट किंवा जेईई. पोरगं दोन वर्षं टेस्ट सिरीजला जुंपलं जातं. आर्किटेक्चरचं नाव निघतं ते मे-जूनमध्ये, मनासारखा स्कोअर आला नाही की. तेही ‘हेही एक बघून ठेवू’ अशा सुरात. मामाच्या ओळखीचा कुणी आर्किटेक्ट पुण्यात असतो, त्याला फोन जातो, तो दोन कॉलेजांची नावं सांगतो आणि पाच वर्षांचा निर्णय तेवढ्यावर होऊन जातो. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी तेवढी ओळखही नसते.

तोवर उशीर झालेला असतो. बी.आर्क.ला बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित लागतंच. डॉक्टरकीच्या नादात गणित सोडून नुसतं बायोलॉजी घेतलेल्यांची आपल्याकडे फौज आहे. त्यांच्यासाठी हे दार अकरावीच्या पहिल्याच दिवशी बंद झालेलं असतं आणि ते कुणी सांगतही नाही. ज्यांच्याकडे गणित आहे, त्यांच्यापुढे दोन परीक्षा. ‘नाटा’ २०० गुणांची, त्यातले ८० गुण हातानं काढायच्या चित्राला. जेईई मेनचा दुसरा पेपर ४०० गुणांचा, त्यात गणित १००, अभिरुची चाचणी २०० आणि ड्रॉइंग १००. ड्रॉइंगचा प्रश्न साधा वाटतो: बसस्टँडवरची गर्दी वरून बघितली तर कशी दिसेल, दिलेले चारपाच आकार वापरून एक रचना करा, असं काहीतरी. पॅटर्नवाल्यांनी त्यावरही उपाय काढला आहे. बाजाराचं एक चित्र, बागेचं एक, जत्रेचं एक, अशी तयार चित्रं पोरं पाठ करून जातात. त्यातला फुगेवाला लातूरच्या पोराच्या कागदावर जसा असतो तसाच कोल्हापूरच्या. या विद्येत घोकंपट्टी चालत नाही असं नाही; पहिल्या वर्षापर्यंत ती बऱ्यापैकी चालते.

इथे एक कायद्याची गोष्ट आईबापांना माहीत असावी. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनं ‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही संस्था उभी केली. तिची मान्यता असलेल्या कॉलेजातून पदवी घेऊन तिच्याकडे नोंदणी केली, तरच नावापुढे आर्किटेक्ट लावता येतं. पण २०२० च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की हा कायदा त्या पदनामाला संरक्षण देतो, इमारतीचे नकाशे करण्याच्या कामाला नाही. नांदेडात, भोकरात, मुखेडात घराचा प्लॅन सिव्हिल इंजिनिअर काढून देतो, तो यापुढेही देत राहील. म्हणजे पाच वर्षं शिकून आलेल्या पोराला गावात आपलं काम का वेगळं आहे ते रोज दाखवून द्यावं लागणार. पदवीच्या कागदावर ते भागत नाही. त्यामुळे कॉलेज निवडताना पहिला प्रश्न मान्यतेचा, आणि तो पाच मिनिटांत कौन्सिलच्या यादीत बघून संपतो. खरा प्रश्न असा, की तिथे पोराचा हात आणि डोळा तयार होतो का?

आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवात जे.जे.पासून झाली. मुंबईत १८५७ मध्ये निघालेल्या कलाशाळेतून पुढे आर्किटेक्चरचं शिक्षण वाढलं आणि १९५८ मध्ये त्याचं स्वतंत्र कॉलेज झालं. १९२३ पासून वीस वर्षं तिथे क्लॉड बॅटली प्रमुख होते. माणूस इंग्रज, पण विद्यार्थ्यांना भारतातल्या जुन्या इमारती टेपनं मोजायला लावायचा. कमान किती फूट, पायरी किती इंच, छज्जा भिंतीच्या किती पुढे, हे सगळं कागदावर उतरवायचं. या मापनातून तयार झालेली त्यांची चित्रसंपदा आजही कॉलेजांच्या ग्रंथालयांत असते. त्याच जे.जे.मध्ये मालवण तालुक्यातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे शिकले, पुढे हार्वर्डला गेले आणि कानपूरची आयआयटी त्यांनी उभी केली. पुण्यात फर्निचर करणाऱ्या घरात जन्मलेले बाळकृष्ण दोशी तिथेच दाखल झाले, पण शिक्षण अर्धवट टाकून परदेशी गेले, आर्किटेक्ट ल कार्बुझिएच्या हाताखाली राबले, आणि १९६२ मध्ये त्यांनी अहमदाबादला स्वतःचीच शाळा काढली. तीच आजची ‘सेप्ट’. ज्यानं पदवी पुरी केली नाही त्यानं देशातली सर्वांत नावाजलेली आर्किटेक्चरची शाळा काढावी आणि २०१८ मध्ये आर्किटेक्चरचा प्रित्झकर पुरस्कार मिळवावा, हे प्रवेशाच्या मोसमात कुठलाही समुपदेशक सांगत नाही. सांगितलं तर त्याचा धंदा बसेल.

नंतर इंजिनिअरिंगचं जे झालं तेच इथेही झालं. संस्थेकडे जागा आहे, इमारत आहे, मग चाळीस जागांचं आर्किटेक्चर का नको? कॉलेजं भराभर निघाली. त्यांतली काही मनापासून चालवलेली आहेत आणि काहींत ‘स्टुडिओ’ म्हणजे चाळीस टेबलं मांडलेली खोली. माहितीपुस्तिकेवरून फरक कळत नाही. पुस्तिकेत सगळ्यांकडेच वर्कशॉप, सगळ्यांकडेच ग्रंथालय आणि सगळ्यांकडेच हसऱ्या मुली मॉडेल करताना.

फरक कळतो ज्युरीच्या दिवशी. सत्राच्या शेवटी पोरं रात्र-रात्र जागून शीट पुरी करतात, भिंतीवर पिनांनी लावतात आणि बाहेरून आलेले आर्किटेक्ट त्यांना झोडपतात. त्या भिंतीकडे जरा वेळ बघत उभं राहिलं की कॉलेजची कुंडली समजते. चाळीस शीटवर एकाच धाटणीचं काचेचं दर्शनी चित्र असेल, पिंटरेस्टवरून उचललेलं झाड आणि तोच तो सायकलवाला, तर समजावं की इथे संगणक शिकवतात. त्याउलट एखाद्या शीटवर छेदचित्र असेल, त्यात पायाखाली काळी माती दाखवलेली असेल आणि ती पावसात फुगते-उन्हात आकसते म्हणून पाया कसा घेतला हे बाजूला खरडलेलं असेल, तर तिथल्या एका तरी मास्तरला शिकवण्याची आच आहे.

ही अपेक्षा मराठवाड्यासाठी जास्तीची नाही, निकडीची आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्री दमून झोपलेल्या किल्लारी परिसरातली गावं जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसं गेली. भूकंप सहाच्या थोडा वरचा. तेवढ्या भूकंपात एवढी माणसं दगावण्याचं कारण घराच्या बांधणीत होतं. अडीच-तीन फूट रुंदीची दगडी भिंत दिसायला भक्कम. पण आतून-बाहेरून दगडांचे दोन पदर आणि मध्ये खच्चून मातीचा भराव. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा आरपार दगड नाही. वर माळवद: तुळया, त्यांवर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. माळवद गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी माती टाकायची, असं वर्षानुवर्षं. उन्हाळ्यात हेच घर गार ठेवायचं आणि त्या पहाटे त्याच मातीनं माणसं गाडली. कित्येक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या तरी आतला लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. म्हणजे वाचवणारं आणि मारणारं, दोन्ही एकाच घरात होतं. आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्याला यापेक्षा मोठा धडा कुठलं परदेशी पुस्तक देणार?

पुढची कथा तर थेट नकाशा काढणाऱ्यांचीच आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, बावन्न गावं नव्या जागी हलवली गेली. जमिनीच्या हिशोबानं घरं दिली: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट. आखणी शहरी कॉलनीसारखी, सरळ रस्ते, एकसारख्या रांगा. वाडा नाही, ओसरी नाही, भावकीचा बोळ नाही, जनावरं बांधायची जागा नाही. गाव इतकं ऐसपैस पसरलं की म्हाताऱ्यांना एकमेकांकडे जाणं जड झालं. घरं भूकंपाला टिकणारी होती, याबद्दल वाद नाही. पण ती काढणाऱ्यानं माळवदाच्या घरात एक दुपारही घालवली नव्हती, हे त्या नकाशात दिसतं. हे उंटावरून शेळ्या हाकणं होतं. २००१ मध्ये कच्छला भूकंप झाला तेव्हा तिथे बहुतांश घरं मालकांनी स्वतः बांधायची आणि सरकारनं पैसा व तांत्रिक मदत द्यायची, असा मार्ग धरला गेला. भुजची ‘हुन्नरशाला’ ही संस्था त्याच काळात उभी राहिली आणि आर्किटेक्ट गवंड्यांबरोबर काम करू लागले. लातूरच्या चुकांतून देशाला शिकायला मिळालं, खुद्द लातूरला किती मिळालं हा प्रश्न वेगळा.

म्हणून कुठल्याही कॉलेजात गेलो की मला एवढंच विचारावंसं वाटतं, की तुमच्या पोरांच्या डिझाइनची जागा कुठे असते? बऱ्याचदा उत्तर येतं: मुंबईच्या समुद्रावरचं संग्रहालय, लोणावळ्याचं रिसॉर्ट, विमानतळ. अर्धापूर केळी आणि हळदीचा तालुका. हळद शिजवायची, पसरून वाळवायची, पॉलिश करायची, साठवायची. केळी पिकवायची खोली, तिचं तापमान, ट्रक मागे घ्यायची जागा. यात डिझाइन नाही असं कोण म्हणेल? लातूरची गंजगोलाई घ्या. १९१७ ची दुमजली गोल इमारत, मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते. आखणी फैयाजुद्दीन या नगररचनाकाराची. सोनार, भांडीवाले, कापडवाले, गूळवाले आपापल्या वाटेनं बसले आणि बाजार शंभर वर्षं चालला. आजच्या गाड्यांनी तो गुदमरला आहे हेही खरं. पहिल्या वर्षाची चाळीस पोरं टेप घेऊन तिथे आठवडाभर सोडली तर वर्षभराचं शिक्षण होईल. कंधारचा किल्ला, होट्टलची देवळं, औशाचा किल्ला हे सगळं दिवसभराच्या सहलीच्या टप्प्यात आहे. हे मोजायला मराठवाड्यातलं कॉलेज सर्वांत सोयीचं, पण जवळ असलं म्हणजे ते मोजतंच असं नाही.

आता नावं घेऊ. जे.जे. अजूनही पहिलं: नाव, ग्रंथालय, मुंबई शहर हे तीन मास्तर एकाच जागी. २०२३ मध्ये ते अभिमत विद्यापीठ झालं. त्यामुळे फीची आणि प्रवेशाची जुनी गृहीतकं धरून बसू नये, चालू वर्षाची पुस्तिका वाचावी. नागपूरचं व्हीएनआयटी आपल्या लोकांच्या नजरेतून सुटतं याचं मला नेहमी नवल वाटतं. तिथे जेईईच्या दुसऱ्या पेपरवर प्रवेश, निम्म्या जागा महाराष्ट्रातल्या मुलांना, आणि अर्धापुरावरून जाणारा महामार्ग थेट नागपूरला नेतो. तरी आपली पोरं पुण्याचीच गाडी धरतात. पुण्यात मुलींसाठी कर्वे संस्थेचं भानुबेन नानावटी कॉलेज आहे, १९९४ पासूनचं. मुलगी पहिल्यांदाच एवढ्या लांब निघते तेव्हा नांदेडच्या आईला त्याचा आधार वाटतो, आणि तो आधार अभ्यासातही फसवा नाही. मराठवाडा मित्र मंडळाचं कॉलेजही पुण्यातच. शंकरराव चव्हाणांनी मराठवाड्याच्या मुलांसाठी काढलेल्या संस्थेला पुण्यात घर करावं लागलं, यातच आपल्या भागाची सगळी गोष्ट आली. मुंबईत रचना संसद आणि कमला रहेजा विद्यानिधी यांनी शहराच्या अभ्यासाची चांगली परंपरा जपली आहे, पण मुंबईत पाच वर्षं राहायचं भाडं फीइतकंच बोचतं. सेप्टबद्दल एकच: शिष्यवृत्तीचा बंदोबस्त झाला तर जावं, कर्ज काढून नाही. आर्किटेक्टच्या ऑफिसात पहिल्या दोनतीन वर्षांचा पगार फार तुटपुंजा असतो आणि बँकेचा हप्ता त्याच वर्षांत सुरू होतो.

पैशाचा विषय लाजून बोलण्यात अर्थ नाही. या शिक्षणात फीच्या पलीकडचा खर्च फार: कागद, मॉडेलचं सामान, प्लॉटिंग, बऱ्यापैकी लॅपटॉप, अभ्याससहली. जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली आहे. प्रवेश मात्र केंद्रीय फेरीतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घाईनं सीट घेतली की ही सवलत हातची जाते. मुलांना राजर्षी शाहू शिष्यवृत्ती आणि वसतिगृहासाठी पंजाबराव देशमुख भत्ता आहे. केळीच्या एका वादळानं वर्षाचं गणित कोलमडणाऱ्या घरात हे आकडे प्रवेशाआधी मांडायला हवेत, तिसऱ्या सत्रात नव्हे.

पुढचं काम पायपिटीचं. निवडलेल्या तीनचार कॉलेजांत नोव्हेंबरात किंवा एप्रिलमध्ये, सत्र संपता संपता जावं. प्रवेश कार्यालयात चहा पिऊन परतू नये, स्टुडिओ बघायला मागावा. तिसऱ्या वर्षाच्या पोराला गाठून विचारावं की शेवटचं डिझाइन कुठल्या गावाचं होतं, आणि तिथे तुम्ही स्वतः गेला होतात का. पाचव्या वर्षाच्या प्रबंधांचं कपाट उघडून विषय वाचावेत. जिथे स्टुडिओचं दार पालकाला उघडत नाहीत, ते कॉलेज ऑप्शन फॉर्मवर खाली गेलं तरी चालेल, मग कटऑफ कितीही वर असो.