उपदेशक की न्यायाधीश? इस्लाम आणि धार्मिक अतिरेक यांच्या संबंधाचा विचार

इस्लाम आणि धार्मिक अतिरेक यांचा संबंध काय, या प्रश्नाला आपल्या मंडळ्यांतून सामान्यतः दोनच उत्तरे ऐकू येतात. एक असे की, अतिरेक हा इस्लामच्या मूळ स्वभावातच आहे. शांतपणे जगणारा मुसलमान म्हणजे आपला धर्म पुरता न पाळणारा मुसलमान. दुसरे असे की, अतिरेकाचा इस्लामशी काडीचाही संबंध नाही. दारिद्र्य, अपमान आणि राजकारण हीच त्याची खरी कारणे होत. पहिले उत्तर खाजगी बैठकीत दिले जाते, दुसरे सर्वधर्मीय व्यासपीठावर; आणि कित्येकदा दोन्ही देणारी व्यक्ती एकच असते. मुसलमान विचारवंतांनी स्वतः या विषयावर काय लिहिले आहे ते वाचण्याचे श्रम मात्र दोन्ही उत्तरे सारखेच वाचवतात.

विद्वानांच्या जगातही हा वाद याच दोन टोकांभोवती फिरताना दिसतो. २०१५ साली पॅरिस येथे झालेल्या हत्याकांडांनंतर फ्रान्समध्ये झील केपेल आणि ऑलिव्हिए रुआ या दोन अभ्यासकांत जाहीर मतभेद झाला. केपेल यांचा रोख धर्मविचारातच आलेल्या कडवेपणावर होता. रुआ यांच्या मते तरुणांतील बंडखोरीने इस्लामची वस्त्रे पांघरली होती. दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघेही समाजशास्त्राच्या अंगाने बोलतात. आपण ईश्वरविज्ञानाचे विद्यार्थी आहोत. आपला प्रश्न निराळा असावयास हवा: अतिरेकी मनुष्य ईश्वराविषयी आणि माणसाविषयी नेमके काय विधान करतो, आणि त्याच्याच धर्मबंधूंनी त्या विधानाला काय उत्तर दिले आहे?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे: अतिरेक हे इस्लामचे सार नव्हे, पण तो इस्लामला परका असा रोगही नव्हे. दुसऱ्याच्या विश्वासाचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न इस्लामने आपल्या पहिल्या शतकापासून स्वतःला विचारला आहे. अतिरेक हे त्या प्रश्नाचे एक चुकीचे उत्तर आहे, आणि ते चुकीचे का, हे सांगणारेही मुसलमानच आहेत.

या वादाचा उगम इ. स. ६५७ मध्ये सिफ्फीनच्या रणांगणावर सापडतो. खलिफा अली यांनी मुआवियांशी असलेला तंटा लवादाकडे सोपविण्यास मान्यता दिली, तेव्हा त्यांच्याच सैन्यातील एक गट फुटून निघाला. निर्णय केवळ ईश्वराचा, माणसाचा नव्हे, हे त्यांचे घोषवाक्य. हेच खारिजी. महापाप करणारा मुसलमान हा मुसलमानच राहत नाही, असे त्यांच्यातील कडव्यांचे मत होते, आणि या मताच्या बळावर त्यांनी मुसलमानांवरच तलवार उपसली. ६६१ मध्ये कूफा येथे अलींचा खून करणारा याच पंथाचा होता. परंपरा सांगते की, त्यांची घोषणा ऐकून अली म्हणाले होते, शब्द खरे आहेत, पण त्यांमागचा हेतू खोटा आहे. पुढे मुसलमानांतील बहुसंख्य परंपरेने खारिजी मत नाकारले. पापी मनुष्य पापी असूनही विश्वासीच राहतो आणि अंतःकरणाचा निवाडा ईश्वराकडे राखून ठेवलेला आहे, ही भूमिका मान्य झाली. म्हणजे अतिरेकाचा पहिला निषेध आधुनिक उदारमतवादाने केलेला नाही. तो इस्लामच्या अभिजात धर्मविचारानेच केला आहे.

मग विसाव्या शतकात तो जुना प्रश्न पुन्हा का उठला? येथे आपल्याला मराठवाड्याच्या भूमीत यावे लागते. मौलाना अबुल आला मौदूदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादचा (आजचे छत्रपती संभाजीनगर). १९२६ च्या डिसेंबरात स्वामी श्रद्धानंद यांचा खून झाला. इस्लाम हा तलवारीचा धर्म आहे असा आरोप सर्वत्र होऊ लागला, तेव्हा तरुण मौदूदींनी ‘अल-जिहाद फिल-इस्लाम’ हा ग्रंथ लिहावयास घेतला. पुढे हैदराबादेतून ते ‘तर्जुमानुल कुरआन’ हे मासिक चालवू लागले, आणि १९४१ साली लाहोर येथे त्यांनी जमाते-इस्लामीची स्थापना केली. त्याच सुमारास त्यांनी कुरआनातील चार मूलभूत संज्ञांवर एक निबंध लिहिला: इलाह, रब, इबादत आणि दीन. त्यांचे म्हणणे असे की, या शब्दांचा मूळ अर्थ कालांतराने लोपला आणि त्याबरोबर कुरआनाची बहुतांश शिकवणही झाकली गेली. मूळ अर्थ त्यांच्या मते सार्वभौम सत्तेचा आहे. ईश्वर म्हणजे सर्वाधिकारी राज्यकर्ता, उपासना म्हणजे त्याच्या कायद्याचे पालन, आणि दीन म्हणजे त्या कायद्यावर उभी असलेली संपूर्ण राज्यव्यवस्था.

या निबंधाचे सामर्थ्य नाकारता येणार नाही. त्याची मांडणी रेखीव आहे, आणि धर्माला केवळ खाजगी भावनेच्या कोनाड्यात बसवू पाहणाऱ्या युगाला त्याने दिलेले आव्हान ख्रिस्ती वाचकालाही विचार करावयास लावणारे आहे. परंतु त्याची पद्धत सदोष आहे, आणि तो दोष आपल्या ओळखीचा आहे. जेम्स बार यांनी १९६१ साली पवित्र शास्त्राच्या शब्दार्थविचारावर जो ग्रंथ लिहिला, त्यात बायबलच्या भाष्यकारांना त्यांनी हाच इशारा दिला होता: एखाद्या शब्दाचे विविध ठिकाणचे अर्थ एकत्र करून ती सगळी मोट त्या शब्दाच्या प्रत्येक उपयोगावर लादू नये. मौदूदींनी नेमके हेच केले. ‘दीन’ या शब्दाचा एके ठिकाणी राजाचा कायदा असा अर्थ होतो, हे खरे. ते स्थळ म्हणजे योसेफाच्या कथेचा अध्याय, कुरआनाचा बारावा. पण एका स्थळीचा अर्थ सर्व स्थळी वाचला की प्रार्थना, उपवास आणि पश्चात्ताप ही राज्यस्थापनेची केवळ पूर्वतयारी होऊन बसतात.

त्याच अध्यायाकडे अधिक लक्ष दिले पाहिजे. निर्णय केवळ ईश्वराचाच, हे खारिजींनी घोषणा म्हणून उचललेले आणि आधुनिक राजकीय इस्लामने आधारशिला मानलेले वचन त्या अध्यायात कोणाच्या तोंडी आहे? तुरुंगात असलेल्या योसेफाच्या तोंडी. तो आपल्या सोबतच्या बंदिवानांना मूर्तिपूजा सोडण्याचा उपदेश करीत आहे. आणि पुढे तोच योसेफ मिसरच्या राजाकडे जाऊन देशाची कोठारे आपल्या स्वाधीन करण्याची विनंती करतो. उत्पत्तीच्या पुस्तकातून आपल्याला ठाऊक असलेला हा पुरुष कुरआनातही परधर्मी राजाचा प्रामाणिक कारभारी आहे. ज्याने ते वचन उच्चारले त्याने त्यातून बंडाचा अर्थ काढला नाही, ही गोष्ट त्या वचनाच्या अर्थनिर्णयात मोलाची मानावयास नको काय?

मौदूदींविषयी न्याय्य बोलावयाचे तर हे सांगितले पाहिजे की, गुप्त कट आणि खून हा त्यांचा मार्ग नव्हता. त्यांची संघटना उघडपणे काम करी आणि निवडणुकाही लढवी. तथापि निवाड्याचा अधिकार हाती घेतला की काय होते, याचे दर्शन पाकिस्तानातच लवकर घडले. १९५३ साली अहमदिया पंथीयांविरुद्ध पंजाबात दंगली झाल्या. त्यांची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी मौदूदींसह अनेक उलेमांना एक साधा प्रश्न विचारला: मुसलमान कोणाला म्हणावे? १९५४ च्या त्यांच्या अहवालात नोंद आहे की, कोणत्याही दोघांची व्याख्या जुळली नाही. एकाची स्वीकारावी तर उरलेल्या सर्वांच्या मते आपण काफर ठरतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

मौदूदींची संज्ञा मिसरमध्ये पोहोचली ती सय्यद कुत्ब यांच्या हाती. नासरच्या राजवटीत तुरुंगवास भोगलेल्या या साहित्यिकाने १९६४ मध्ये ‘मआलिम फित-तरीक’ म्हणजे ‘वाटेवरील खुणा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. स्वतःला मुसलमान म्हणविणारे समाजही आज इस्लामपूर्व अज्ञानकाळात जगत आहेत, हे त्याचे सूत्र. १९६६ मध्ये त्यांना फाशी दिली गेली. पुढच्यांनी त्या सूत्रातून जे काढले ते सर्वज्ञात आहे. १९७७ मध्ये मिसरमधील एका गटाने शेख मुहम्मद अल-जहबी या माजी मंत्र्याला पळवून ठार केले. ते अल-अझहरचे विद्वान होते आणि त्यांनी त्या गटाच्या मतांवर टीका केली होती. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांचा वध झाला. मारेकऱ्यांच्या गटाचा विचारप्रणेता अब्दुस्सलाम फरज याच्या पुस्तिकेचे खंडन मिसरचे तत्कालीन मुफ्ती जादुल हक यांनी लगेच केले.

पण या सर्वांहून मोलाचे उत्तर तुरुंगातूनच आले होते. हसन अल-हुदैबी हे मुस्लिम ब्रदरहूडचे दुसरे प्रमुख, पेशाने पूर्वीचे न्यायाधीश. १९५४ मध्ये त्यांनाही मृत्युदंड झाला होता, तो पुढे जन्मठेपेत बदलला गेला. त्यांच्या निधनानंतर १९७७ मध्ये त्यांच्या नावाने ‘दुआत ला कुदात’ हा ग्रंथ निघाला. नावाचा अर्थ: उपदेशक, न्यायाधीश नव्हे. तो एकट्या हुदैबींच्या लेखणीचा नसावा असे काही अभ्यासक मानतात. त्याने मूल्य उणावत नाही. ग्रंथ मौदूदींच्या चार संज्ञांचा मुद्देसूद परामर्श घेतो. ईश्वरी सार्वभौमत्वासाठी वापरली जाणारी ‘हाकिमिय्या’ ही संज्ञा कुरआनात नाही, हदीसमध्येही नाही. माणसांनी घडविलेल्या शब्दावर विश्वासाची कसोटी उभी करता येत नाही, असे तो बजावतो. जो कलिमा उच्चारतो तो मुसलमान. त्याच्या अंतःकरणाचा हिशेब ईश्वराकडे.

केवळ परिस्थितीवर बोट ठेवणाऱ्यांनी येथे क्षणभर थांबावे. कुत्ब आणि हुदैबी एकाच राजवटीचे बंदिवान होते. छळ तोच, कोठड्या त्याच. पण एकाच्या लेखणीतून समाजाला धर्मबाह्य ठरविणारा ग्रंथ निघाला आणि दुसऱ्याच्या नावाने तसे ठरविण्याला मनाई करणारा. अन्यायामुळे अतिरेकाला इंधन मिळते यात शंका नाही. परंतु त्या इंधनाचे काय करावयाचे, हे माणूस आपल्या धर्मविचारानुसार ठरवितो. म्हणूनच चुकीच्या धर्मविचाराला धर्मविचारानेच उत्तर द्यावे लागते.

भारतातही असे उत्तर दिले गेले. जमाते-इस्लामीत अनेक वर्षे काम केलेले मौलाना वहीदुद्दीन खान यांनी १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ हा उर्दू ग्रंथ लिहून मौदूदींच्या अर्थनिरूपणाशी फारकत घेतली. त्यांचा आक्षेप मर्मावर आहे: धर्माचा गाभा म्हणजे मनुष्याचे ईश्वरापुढे उभे राहणे, राज्य हा त्याचा कधी परिणाम असेल, पण उद्दिष्ट नव्हे. मौदूदींनी अवयवाला शरीर मानले आणि त्यामुळे शरीराची आकृतीच बदलली.

या उत्तरांच्या मर्यादाही सांगणे अवश्य आहे, नाहीतर ही समीक्षा न होता केवळ स्तुती होईल. हुदैबींचा ग्रंथ पापी मुसलमानाला संरक्षण देतो. परंतु जो मुसलमान नाही, त्याचे स्थान काय? कॉप्टिक ख्रिस्ती शेजाऱ्याला समान नागरिकत्व का असावे, याचे उत्तर त्या ग्रंथाच्या कक्षेत येत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये लिबियाच्या किनाऱ्यावर ज्या एकवीस ख्रिस्ती मजुरांचा शिरच्छेद झाला, त्यांचा प्रश्न याच रिकाम्या जागेतला आहे. जानेवारी २०१६ मध्ये मोरोक्कोतील मराकेश येथे जमलेल्या मुसलमान विद्वानांनी मुस्लिम देशांतील अल्पसंख्याकांच्या हक्कांचा जाहीरनामा काढला, आणि त्यासाठी प्रेषितांच्या मदीना येथील कराराचा आधार घेतला. दिशा योग्य आहे. मात्र जाहीरनामा कायद्यात आणि मदरशाच्या अभ्यासक्रमात उतरेपर्यंत काम अपुरेच समजावे.

आता आपल्याकडे वळू. निवाडा आपल्या हाती घेण्याचा मोह ख्रिस्ती मंडळीला अपरिचित नाही. गहू आणि निदण यांचा दृष्टांत ऑगस्टीन यांनी डोनॅटस पंथीयांच्या शुद्धतेच्या अट्टाहासाविरुद्ध वापरला. तरीही पुढे त्याच पंथीयांवर राजसत्तेची सक्ती योग्य आहे असे त्यांनीच प्रतिपादन केले, आणि मेजवानीच्या दृष्टांतातील आग्रहाच्या शब्दाला सक्तीचा अर्थ मिळाला. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायासन चालले. बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या घरात जुने आचार छपून चालतात काय, याचा शोध घेणे हे त्याचे मुख्य काम होते. नामधारी विश्वासी खरा विश्वासी आहे की नाही हे दंडाच्या बळावर ठरविणे, हेच त्याचे तत्त्व. आणि ते खारिजींच्या तत्त्वाहून फार दूरचे नाही.

निवाड्याचा हा मोह संपूर्ण समाजाविषयीही होतो. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानात रझाकारांनी जे अत्याचार केले, ते मराठवाड्यातील वृद्धांच्या आठवणींतून अद्याप गेलेले नाहीत. त्यांचा निषेध करणारे पत्रकार शोएबउल्ला खान यांचा त्या ऑगस्टमध्ये खून झाला. ते स्वतः मुसलमान होते. पोलीस कारवाईनंतर रझाकारांच्या अपराधाचा सूड सामान्य मुसलमानांवर उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हटले आहेत, आणि संस्थानातील मृतांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा दिला आहे. ज्याने रझाकारांना विरोध केला त्याचा धर्म आणि रझाकारांचा धर्म एकच होता, ही साधी गोष्ट सूडाला दिसली नाही.

आपल्या उपदेशपीठासाठी यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. इस्लामविषयी बोलताना अतिरेक्याला त्या धर्माचा अधिकृत भाष्यकार मानू नये. तसे मानणे म्हणजे शोएबउल्ला खान यांच्याऐवजी त्यांच्या मारेकऱ्यांची साक्ष ग्राह्य धरणे होय. त्याचबरोबर अतिरेकाची धार्मिक मुळे सौजन्यापोटी झाकूही नयेत; जे मुसलमान विद्वान ती मुळे खणून काढीत आहेत, त्यांच्या श्रमाचा तो अवमान आहे. आणि तिसरे, धर्मशिक्षणाच्या वर्गात हा विषय निघेल तेव्हा मुलांपुढे दोन्ही नावे ठेवावीत, कुत्ब यांचेही आणि हुदैबींचेही, म्हणजे वाद कशाचा आहे ते त्यांना कळेल.

कापणीपर्यंत निदण शेतात राहू द्यावे, असे धन्याने दासांना सांगितले. आणि कापणी करणारे म्हणून त्याने निराळ्यांची योजना केली आहे. दासांकडे पेरणीचे काम आहे. हुदैबींच्या ग्रंथाचे नाव आपल्या दीक्षित सेवकांनाही तंतोतंत लागू पडते, आणि ते एका मुसलमानाने ठेवले आहे म्हणून त्याचे ऐकण्यास आपण संकोच करू नये.