सोडलेल्या माशाचं पुढे काय होतं?

रील साधारण अशी असते. चालत्या बोटीमागे ओढत नेलेलं आमिष, एकदम वाकलेला रॉड, आणि वीस मिनिटांची झुंज तीन सेकंदांत उरकलेली. मग दोन्ही हातांवर आडवा धरलेला महाशीर. मग स्लो मोशन, शेपटीचा एक फटका, मासा पाण्यात. खाली लिहिलेलं असतं 'कॅच अँड रिलीज', आणि त्याखाली बदामांचा पाऊस.

एडिटिंग म्हणून मला हे रील आवडतात, खोटं कशाला बोलू? पण कात्री कुठे चालते ते बघा. एक, झुंजीवर. दोन, सोडल्यानंतरच्या वेळेवर. माशाच्या जिवाचा हिशोब नेमका या दोन ठिकाणी असतो. मासा जितका मोठा, तितकी झुंज लांबते आणि त्याच्या स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचत जातं. उन्हाळ्यात पाणी कोमट, म्हणजे त्यात ऑक्सिजनही कमी. अशा दमलेल्या माशाला फोटोसाठी हवेत धरणं म्हणजे शर्यत संपवून आलेल्या माणसाचं नाक दाबणं. रीलमध्ये मात्र हाच क्षण सगळ्यात सुंदर दिसतो.

'सोडला म्हणजे वाचला' हे आम्हा जुन्नर-आंबेगावकरांना तरी कुणी सांगू नये. बिबट्यांच्या बाबतीत आपण हे करून पाहिलंय. 1993 ते 2001 या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. मग मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडायला सुरुवात झाली आणि ही सरासरी 17 वर गेली. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा 2011चा शोधनिबंध याच विषयावर आहे. पिंजऱ्याचं दार उघडतानाचा फोटो तेव्हाही छानच आला असणार.

दुसरी बाजू मात्र मला झटकून टाकता येत नाही. लोणावळ्याच्या टाटांच्या केंद्रात वाढवलेला महाशीर कावेरीत सोडला गेला, त्याचं कौतुकही झालं. तिथला मूळचा नारिंगी शेपटीचा, कुबडवाला महाशीर मात्र दिसेनासा होत गेला. हे कळलं कशावरून? तर मासे पकडून, मोजून, सोडून देणाऱ्या गळकऱ्यांच्या 1998 ते 2012च्या नोंदींवरून. 2018 साली त्या माशाला शास्त्रीय नाव नक्की झालं आणि त्याच वर्षी तो 'अतिसंकटग्रस्त' यादीत गेला. तेव्हा छंद निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. पण तिथे वही होती, इथे फक्त कॅमेरा आहे.

स्वित्झर्लंडमध्ये सोडून देण्याच्याच हेतूने मासा पकडायला कायद्याने बंदी आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा उलटंच वाटलं. पण हाच मुद्दा मी त्याआधी डिंभ्याच्या बॅकवॉटरला ऐकला होता. तिथे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी शाश्वत ट्रस्टच्या मदतीने मच्छीमार सोसायटी उभी केली. 2012 साली शाश्वतला इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्या पाण्याखाली त्यांची शेतं आहेत, त्याच पाण्यावर आम्ही हिंजवडीचे चौघे रविवार घालवायला गेलो होतो.

कणकेच्या गोळ्यावर मला रोहू लागला. मित्राच्या फोनचं स्टोरेज फुल, मग दुसरा फोन, मग 'अरे, जरा उन्हाकडे तोंड कर'. शेवटी मी मासा सोडला, टाळ्याही पडल्या. तो दोन हात गेला आणि कुशीवर कलंडला. ट्यूबवर बसून जाळं काढणारे एक काका मघापासून बघत होते.

"खायाचा न्हवता तर धरला कशापायी, दादा?"

आवाजात राग नव्हता, खरंच विचारत होते. मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ट्यूब वळवली, मासा उचलला आणि आपल्या माशांत टाकला. संध्याकाळी काठावर काटा लागला तेव्हा मी तिथेच होतो. तीन किलो दोनशे.