कर्त्याविना क्रियापद : सृष्टीच्या कथनातील एक पेच

मराठीत ‘कर्ता’ हा शब्द व्याकरणाचा आहे, तसाच तो ईश्वरविचाराचाही आहे. वाक्यातील क्रिया करणारा तो कर्ता आणि जगाची घडण करणारा तोही कर्ता. हा केवळ शब्दाचा योगायोग नव्हे. घडलेल्या प्रत्येक गोष्टीमागे घडवणारा असलाच पाहिजे, हा आग्रह तत्त्वज्ञानात शिरण्यापूर्वी वाक्यरचनेत मुरलेला असतो. ‘उजाडले’, ‘सांजावले’, ‘मळमळते’ या क्रियापदांना मात्र कर्ता सापडत नाही. व्याकरणकारांनी त्यांना ‘भावकर्तृक’ म्हटले. म्हणजे क्रियेचा भाव हाच तिचा कर्ता मानला. कर्त्याची जागा रिकामी ठेवणे व्याकरणालाही जमले नाही. तेथे क्रियेलाच बसवावे लागले. निर्मात्याशिवाय जग कसे घडले, हे सांगू पाहणाऱ्या प्रत्येक संहितेचा पेच नेमका हाच आहे. म्हणून त्या संहितांचा विचार विज्ञानाप्रमाणेच समीक्षेनेही करणे अगत्याचे ठरते.

विल्यम पेली या इंग्रज धर्मोपदेशकाने 1802 मध्ये मांडलेला घड्याळाचा दृष्टान्त सर्वपरिचित आहे. माळरानावर घड्याळ सापडले, तर त्याच्या रचनेवरून घडवणाऱ्याचे अनुमान करावे लागते. मग डोळ्यासारख्या अवयवाच्या रचनेवरून तसेच अनुमान का करू नये, असा त्याचा युक्तिवाद. वाङ्मयीन दृष्टीने पाहता ही एक वाचनपद्धती आहे. कृतीवरून कर्त्याचा हेतू शोधायचा, हेतू सापडला की अर्थ सापडला असे मानायचे, ही चरित्रात्मक समीक्षेची रीत पेलीने निसर्गाला लावली. तिच्यातील दोष समीक्षेच्या परिचयाचा आहे : हेतू कृतीतूनच काढायचा आणि मग त्याच हेतूने कृतीचे स्पष्टीकरण द्यायचे. निर्माता स्वतः कसा संभवला, हा प्रश्न या वर्तुळाबाहेरच राहतो.

या वर्तुळातून बाहेर पडण्याचा एक थोर प्रयत्न इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लुक्रेशियस या रोमन कवीने केला. वस्तुजाताच्या स्वरूपावरील त्याचे सहा सर्गांचे काव्य एपिक्युरसचा अणुवाद लॅटिन छंदात आणते. अणूंसाठी त्याने अक्षरांची उपमा योजली. अक्षरे थोडीच असतात, पण त्यांचा क्रम बदलला की शब्द बदलतो. तसे मोजक्या प्रकारच्या अणूंच्या निरनिराळ्या जुळणीतून निरनिराळे पदार्थ होतात. लॅटिनमध्ये एकच शब्द वर्ण आणि मूलद्रव्य या दोहोंना चालत असल्याने ही उपमा त्याच्या भाषेच्याच पोटातून आलेली आहे. परंतु येथेच कवी अडचणीत येतो. अक्षरे आपण होऊन शब्दांत रचली जात नाहीत. काव्यात ती कवी रचतो. निर्मात्याला हद्दपार करण्यासाठी योजलेल्या उपमेतूनच निर्माता परत डोकावतो.

ही फट समकालीनांच्या नजरेतून सुटली नव्हती. सिसेरोच्या देवतास्वरूपावरील संवादग्रंथात स्टोइक पंथाचा बाल्बस असा आक्षेप घेतो, की असंख्य सुटी अक्षरे जमिनीवर ओतली, तर एन्नियसचे काव्य वाचता येईल अशी ती पडतील काय? हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. निव्वळ यदृच्छेने महाकाव्य तयार होत नाही, हे खरेच आहे. मात्र कर्ता किंवा यदृच्छा या दोनच वाटा आहेत, हे त्यामागील गृहीतक चूक आहे. तिसऱ्या वाटेची चाहूल लुक्रेशियसलाच लागलेली दिसते. पाचव्या सर्गात तो सांगतो, की पृथ्वीने आरंभी अनेक विद्रूप जीव निर्माण केले. ज्यांना पोसणे, वाढणे वा प्रजा वाढवणे साधले नाही ते नष्ट झाले. म्हणजे जुळण्या अनेक होतात आणि टिकतात थोड्या. टिकणे ही क्रिया आहे. तिला कर्ता लागत नाही.

या ‘टिकण्या’ला शास्त्राची बैठक चार्ल्स डार्विनच्या 1859 च्या ग्रंथाने दिली. अक्षरे प्रत्येक वेळी नव्याने ओतली जात नाहीत. जे जमले ते वारशाने पुढे जाते, त्यात लहान फरक पडतात आणि परिस्थितीत निभावणारे फरक साचत जातात. बाल्बसच्या आक्षेपाला हे उत्तर पुरेसे आहे. भाषेचा पेच मात्र डार्विनलाही चुकला नाही. ‘नैसर्गिक निवड’ या पदात निवडणारा गृहीत धरला जातो, अशी तक्रार झाली. 1861 च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याला खुलासा करावा लागला, की हे रूपक आहे. आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1866 मध्ये पत्र लिहून हे पद बदलण्याचा सल्ला दिला. 1869 च्या पाचव्या आवृत्तीत स्पेन्सरचे पर्यायी पद आले, तरी मूळचे गेले नाही. याहून बोलका पाठभेद अखेरच्या वाक्यात आहे. पहिल्या आवृत्तीत नसलेला निर्मात्याचा उल्लेख 1860 च्या दुसऱ्या आवृत्तीत घातला गेला आणि पुढे कायम राहिला. 1863 मध्ये हूकरला लिहिलेल्या पत्रात डार्विनने लोकमतापुढे नमते घेऊन अशी परिभाषा वापरल्याचा खेद व्यक्त केला. सिद्धान्ताने ज्याला निरोप दिला, त्याला वाक्याने पुन्हा बोलावून घेतले.

मराठीतील ‘निवड’ या शब्दाला तांदूळ निवडण्याचा घरगुती संदर्भ आहे. तेथे सूप असते आणि ते हाती धरणारे कोणी असते. त्याऐवजी नदीपात्राकडे पाहावे. पाण्याचा वेग ओसरतो तसे आधी मोठे धोंडे, मग गोटे, मग वाळू आणि शेवटी गाळ खाली बसतो. ही प्रतवारी कोणत्याही निवडणाऱ्याच्या हाताची नाही. पण ती यदृच्छाही नाही. वजन, वेग आणि उतार ही तिची कारणे सांगता येतात.

जीवसृष्टीपुरते हे मान्य केले, तरी खुद्द द्रव्याचे काय, हा प्रश्न उरतो. विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांची अणुकेंद्रके तयार झाली. कार्बन, ऑक्सिजन, लोह ही पुढची मूलद्रव्ये ताऱ्यांनी शिजवली. बर्बिज दाम्पत्य, फाउलर आणि फ्रेड हॉइल यांच्या 1957 च्या निबंधाने या पाकक्रियेची तपशीलवार मांडणी केली. तत्पूर्वी 1953 च्या सुमारास हॉइलने कार्बनच्या अणुकेंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जावस्था असलीच पाहिजे असे भाकीत केले होते आणि प्रयोगात ती सापडली. मूलद्रव्यांच्या घडणीतून कर्ता असा वजा झाला. मात्र याच हॉइलने पुढे जीवोत्पत्तीविषयी भंगारावरून वादळ जाऊन विमान तयार होण्याचा दृष्टान्त वापरला. तो बाल्बसच्या अक्षरांचाच नवा अवतार होय. साचत जाणाऱ्या बदलांचा विचार त्यातही नाही. हॉइलचे शिष्य व सहकारी जयंत नारळीकर यांच्यामुळे या वादविश्वाचा एक धागा मराठीशी जुळतो. स्थिर स्थिती विश्वाच्या सिद्धान्तात नवे द्रव्य सतत निर्माण होते. पण त्या निर्मितीलाही गणिती क्षेत्राचा आणि ऊर्जेच्या हिशेबाचा आधार त्यांनी दिला. 1965 मध्ये सूक्ष्मलहरी पार्श्वप्रारण सापडल्यावर तो सिद्धान्त मागे पडला. तथापि निर्मिती हा शब्द निर्मात्यावाचून वापरता येतो, हा त्याचा धडा मागे पडण्याचे कारण नाही.

साहित्यसमीक्षेला यातून काय घेता येईल? रोलां बार्तच्या लेखकमृत्यूच्या सिद्धान्ताने संहितेतून कर्त्याला काढले, हे खरे. पण 1967-68 च्या त्या मांडणीत रिकाम्या जागी भाषा येऊन बसली. भाषाच बोलते, भाषाच लिहिते. हा पुन्हा भावकर्तृक प्रयोगच झाला. डार्विनने कर्ता काढला तेव्हा त्या जागी प्रक्रिया दाखवली. बार्तने नाव बदलले. त्याउलट मराठी नवसमीक्षेने कलाकृतीची ‘सेंद्रिय एकात्मता’ वाखाणली आणि तिच्यात प्रतिभेची खूण पाहिली. ज्या सेंद्रिय रचनेचे हे रूपक, ती मात्र कोणाच्याही प्रतिभेतून आलेली नाही आणि तिची एकात्मता निर्दोषही नाही. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारी मज्जा थेट न जाता छातीत उतरून महारोहिणीला वळसा घेते आणि काही मीटरांचा फेरा करून परत वर येते. पूर्वजांच्या शरीररचनेचा तो अवशेष आहे. सेंद्रियता म्हणजे ठिगळांसह चालू राहिलेला इतिहास.

या अर्थाने सेंद्रिय असे वाङ्मय मराठीत आहे. जात्यावरच्या ओव्यांचा एक लाखाहून मोठा संग्रह झालेला आहे. प्रत्येक ओवी कोणा बाईने गाइली, बदलली, हे निर्विवाद. तिच्या सर्जनाचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पण त्या समग्र भांडाराची योजना कोणी आखली नव्हती. जे ओठी बसले, दुःखाला पुरले, ते लेकीसुनांकडे गेले, बाकीचे विरले. येथे एकेका ओवीमागे हेतू आहे, समुच्चयामागे नाही. हा भेद करणारी परिभाषा समीक्षेला घडवावी लागेल.

कर्ता नाही म्हणजे कारण नाही, असे समजण्याची चूक श्रद्धाळू करतो आणि घाईचा नास्तिकही करतो. पृथ्वीवरील वाढत्या गुंतागुंतीची किंमत सूर्याच्या ऊर्जेतून भरली जाते. फुकट काहीच घडत नाही. जीवोत्पत्तीचे सर्व टप्पे अद्याप उलगडलेले नाहीत. पण न उलगडलेला टप्पा हे रिकामे कर्तृपद नव्हे. ‘उजाडले’ म्हणणारा पृथ्वीचे परिवलन नाकारीत नसतो; तो फक्त उजाडवणारा मानीत नसतो. सृष्टीविषयीचे प्रौढ गद्य या साध्या क्रियापदापासून शिकू शकते.