पद कोणाचे? : विद्यार्थी संगीतप्रयोग आणि प्रेक्षकाचा आक्षेप

महाविद्यालयीन रंगमंचावरील संगीतप्रधान प्रयोगांविषयी प्रेक्षक एक आक्षेप वारंवार घेतो : गाणे उत्तम झाले, पण ते तेथे का होते हे कळले नाही. ‘प्रयोगच प्रायोगिक आहे’ असे त्यावर उत्तर मिळते आणि प्रेक्षकाची अभिरुची पारंपरिक ठरवून चर्चा संपवली जाते. वस्तुतः हा आक्षेप अभिरुचीचा नसून संरचनेचा आहे. पद कोणाचे, नाट्यविश्वातील कोणत्या जाणिवेतून ते उगवते, हाच प्रश्न प्रेक्षक आपल्या साध्या भाषेत विचारीत असतो.

मराठी रंगभूमीला हा प्रश्न नवा नाही. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील ‘सीतास्वयंवरा’पासून रूढ झालेल्या आख्यानपर नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्यांना अनुसरून अभिनय व भाषणे करीत. १८८० च्या ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी पद पात्राच्या मुखी दिले. हा बदल केवळ सादरीकरणाच्या सोयीचा नव्हता; कथन करणाऱ्याचा स्वर भावना भोगणाऱ्याकडे आला. पुढे गायकनटाच्या गळ्याने पात्रच झाकोळून टाकले, ही त्याच बदलाची दुसरी बाजू होय.

विद्यार्थी प्रयोगात अनेकदा रंगमंचाच्या कडेला गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा संच बसलेला असतो. पात्राच्या कोंडीचा क्षण आला की संबळ, ढोलकी आणि गिटार एकदम उसळतात. अभंग वा गोंधळाचा ठेका धरला जातो, समूह हालतो, प्रकाश पालटतो, टाळ्या पडतात. कोंडी मात्र होती तेथेच राहते. रचनेच्या दृष्टीने हे भाव्यांच्या सूत्रधाराचेच पुनरागमन आहे. पण सूत्रधाराला आख्यानाचा अधिकार होता. या संचाला कोणताच दृष्टिकोन नसतो. तो पात्राचा पक्ष घेत नाही, त्याला विरोध करीत नाही आणि साक्षही देत नाही. संवादांतून जी तीव्रता सिद्ध झाली नाही, ती तो बाहेरून उसनी आणून देतो.

याच्या समर्थनार्थ विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा (१९७२) दाखला दिला जातो. जब्बार पटेलांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना यांनी सिद्ध झालेल्या त्या प्रयोगातील ब्राह्मणांची मानवी भिंत विद्यार्थ्यांना आजही मोहात पाडते. परंतु ती भिंत गाते तेव्हा तिचे गाणे हा तिच्याविरुद्धचा पुरावा असतो. कीर्तन आणि लावणी एकाच तोंडातून येतात, आणि तेच तोंड शेवटी घाशीरामाचा बळी मागते. सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाणा’त (१९७४) मृत भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतो, निरूपणाचा अधिकार प्रेताच्या हाती गेल्यामुळेच त्या घाटातून विनोद आणि भय एकत्र निष्पन्न होतात. दोन्हीकडे ‘कोण गातो’ याचे उत्तर हाच नाटकाचा आशय आहे. अनुकरणात भिंतीची हालचाल येते, तिचा अपराध येत नाही.

स्पर्धेची चौकटही याला काही अंशी कारण आहे. पुण्याच्या फिरोदिया करंडकासारख्या स्पर्धेत नाट्य, संगीत, नृत्य, चित्र अशा अनेक कलांचा एकाच सादरीकरणात मेळ अपेक्षित असतो. तेथे कलांची संख्या हाच गुण वाटू लागणे स्वाभाविक आहे. शिकण्याच्या वयातील हा अतिरेक क्षम्य आहे, असा युक्तिवाद करता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. मात्र त्यासाठी प्रेक्षकाचा प्रश्न गैरलागू ठरवण्याचे कारण नाही. तो ऐकून घेणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

ही चौकट अपरिहार्य नाही, याचे उदाहरण स्पर्धांच्याच परिसरात सापडते. प्राजक्त देशमुखांचे ‘संगीत देवबाभळी’ एकांकिकेच्या रूपातून वाढत २०१७ मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आले. पायात काटा रुतलेली गरोदर आवली आणि तिच्या घरी लखूबाई होऊन आलेली रखुमाई, एवढी दोनच पात्रे. एकाच विठ्ठलाविषयी दोघींच्या दोन तक्रारी आहेत आणि गाणे त्या तक्रारींतून फुटते. ते काढून घेतले तर दोघींमधला वादच अपुरा राहील.

विद्यार्थी संगीतप्रयोगाचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे. पद वगळल्यावर प्रयोगाची केवळ रंगत कमी होत असेल, तर ते पद सजावटीचे होते. अर्थच मोडत असेल, तर ते नाटकाचे होते. ‘प्रायोगिक’ हे विशेषण या प्रश्नाचे उत्तर नव्हे. प्रयोगशीलतेचा खरा आरंभ त्या प्रश्नापासूनच होतो.