हौसेची भाषा, गरजेची भाषा

परदेशी जाऊन राहिलेल्या बाईचं पुस्तक हाती आलं की आपण आधी तिचं घर, भाजीबाजार, शेजारपाजार शोधतो. झुंपा लाहिरी यांच्या ‘इन अदर वर्ड्स’मध्ये हे फार थोडं आहे. २०१२ साली त्या नवरा आणि दोन मुलांसह अमेरिकेतून रोमला राहायला गेल्या. बदली झाली म्हणून नव्हे, सासर म्हणून नव्हे, तर इटालियन भाषेच्या ओढीनं. निघण्यापूर्वी काही महिने त्यांनी इंग्रजी वाचणंच सोडलं. पोहोचल्यावर आठवड्याभरात डायरी मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये लिहायला घेतली. २०१५ साली हे पुस्तक मूळ इटालियनमध्ये निघालं. त्याचं इंग्रजी मात्र त्यांनी स्वतः केलं नाही, अ‍ॅन गोल्डस्टीन यांच्याकडं सोपवलं. आपलं तयार इंग्रजी त्या कच्च्या इटालियनला गुळगुळीत करून टाकील, ही भीती. पुलित्झर मिळालेली बाई पुन्हा बालवर्गात जाऊन बसते, हे धाडसच.

पण वाचता वाचता मनात येतं, की हे धाडस कुणाला परवडतं?

आमच्या सीमाभागात कोल्हापूर-सांगलीकडची मुलगी चिकोडी-अथणीच्या कानडी घरात सून म्हणून येते. पहिल्या आठवड्यात ‘उप्पु’ म्हणजे मीठ आणि ‘नीरु’ म्हणजे पाणी एवढं शिकते. वर्षभरात सासूशी कानडीत बोलते, पाच वर्षांत कानडीत भांडते सुद्धा! तिला कुणी धाडसी म्हणत नाही. चुकली तर जावा हसतात, एवढंच. लाहिरी भाषा शिकण्याला तळं पोहून जाण्याची उपमा देतात. ती सुंदर आहे. मात्र तळ्यात आपण होऊन उतरणं वेगळं आणि कुणीतरी उतरवणं वेगळं.

तरी त्यांच्या हौसेला श्रीमंती चोचले म्हणून मी मोडीत काढणार नाही. बंगाली त्यांना आईकडून मिळाली, इंग्रजी सावत्र आईसारखी वाट्याला आली. तिसरी तेवढी स्वतः निवडलेली. बायकांना स्वतः निवडलेलं असं कितीसं मिळतं? आणि निवडलेली भाषाही लगेच आपली म्हणत नाही. सालेर्नोच्या दुकानातला प्रसंग बघा. लाहिरी चांगल्या इटालियनमध्ये विक्रेतीशी बोलतात. मागून नवरा येतो, चार शब्द बोलतो, तेही स्पॅनिश वळणाचे. बाई म्हणते, तुमचे यजमान इटालियन दिसतात, किती छान बोलतात! कारण तो गोरा, ही सावळी. भाषा आली तरी चेहरा आडवा येतो, हे एवढ्याशा प्रसंगात कळतं. माझी तक्रार एवढीच, की लेखिका इथं स्वतःच्या दुखण्यापाशी थांबतात. त्याच रोममध्ये फुलं विकणारे, म्हाताऱ्यांची सेवा करणारे, कागदपत्रांसाठी रांगेत उभे राहणारे परदेशी त्यांना पुस्तकात दिसत नाहीत.

ते पुढं दिसले. ‘रोमन स्टोरीज’ हा त्यांचा कथासंग्रह २०२२ साली इटालियनमध्ये आणि पुढच्या वर्षी इंग्रजीत आला. त्यातली ‘द बाउंड्री’ ही कथा जरूर वाचा. शहराबाहेर सुट्टीत भाड्यानं देण्याचं एक घर. ते राखणाऱ्या परदेशी कुटुंबातली मुलगी कथा सांगते. बाप पूर्वी शहरात फुलं विकायचा. तिथं मारहाण झाल्यापासून तो फारसा बोलत नाही. आठवडाभर राहायला आलेल्या कुटुंबातली आई मात्र वहीत काहीबाही लिहीत असते. ते गेल्यावर साफसफाई करताना मुलीला कागद सापडतात. बारीक अक्षरात तिच्याच घरच्यांविषयी लिहिलेलं.

त्या लिहिणाऱ्या बाईत मला लाहिरी दिसतात. हौसेनं आलेली बाई लिहिते, गरजेनं आलेला माणूस गप्प होतो, आणि मधे ती पोर सगळं बघत असते. पहिल्या पुस्तकात जे राहून गेलं, ते इथं थोड्याशा पानांत आलंय. म्हणून माझं सांगणं, दोन्ही पुस्तकं लागोपाठ वाचा. पहिलं वाचून इटालियन शिकावंसं वाटेल. दुसरं वाचल्यावर आपल्या घरात काम करणारी बाई घरी कुठली भाषा बोलते, हे एकदा विचारावंसं वाटेल.